तीनशे ऐंशी हात लोकर

डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर पसरला की आमच्याकडे थंडी आली असं समजायचं, मग कॅलेंडर काहीही म्हणो. यंदा तो वास मागच्या गुरुवारी आला. आमच्या यांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली, झाकण उघडलं, पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात आले, आणि परत जाऊन पाहतात तर पेटीत वकील बसलेला.

"अवो, माह्यं स्वेटर कोठी आहे?"

"पेटीतच आहे."

"पेटीत तर वकील आहे."

"मग त्याच्या खाली असंन."

वकील म्हणजे आमचा कुत्रा. काळा कुळकुळीत, गळ्याखाली पांढरा पट्टा, आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाशी वाद घालायची हौस. घरी आला त्याच्या तिसऱ्या दिवशी दूधवाल्यानं त्याचं नाव ठेवलं आणि आम्ही ते मुकाट्यानं मान्य केलं. आता त्याला तेरावं लागलंय. मागचे पाय दुखतात, त्यामुळे ऊबदार जागा दिसली की तो आधी बसतो. बिस्किटाची लालूच दाखवून त्याला उठवलं आणि खालून ते करडं स्वेटर ओढून काढलं. यांनी तिथल्या तिथे डोक्यातून घातलं, एक हात घातला, दुसरा घातला, आणि दरवर्षीसारखे दोन्ही हात समोर धरून उभे राहिले.

"डावी अजूनई चावते," म्हणाले.

चावणारच. त्या डाव्या बाहीची गोष्ट मला चांगली ठाऊक आहे. नुसती ती बाही दिसली तरी दोन वर्षांपूर्वीची अख्खी थंडी माझ्या डोळ्यांपुढे येते.

तसं पाहिलं तर आमच्या वऱ्हाडात लोकर विणत बसणं हा येडेपणाच आहे. हा कापसाचा मुलूख. मे महिन्यात आम्ही कुलरसमोर ओला पंचा पांघरून बसणारी माणसं. थंडी आमच्याकडे महिना-दीड महिना राहते, तीसुद्धा पाहुणीसारखी, बॅग भरलेलीच ठेवून. माझी शेजारीण मला अजून विचारते, "एवढ्याशा थंडीसाठी कोणी डोळे फोडते काय बाप्पा?" पण ती थंडी आहे तोवर काय सुख असतं! सकाळी अमरावतीच्या गल्ल्यांतून ऑटोवाले मफलर गुंडाळून नाक तेवढं बाहेर काढून जातात. दुपारी अंगणात ऊन असं येतं की उठवत नाही. पोत्यावर तुरीच्या शेंगा पसरायच्या, सोले काढायचे, संध्याकाळी सोलेभात टाकायचा. संत्र्यांच्या साली वाळत पडलेल्या. आणि मांडीवर विणकाम. सुई सुईला लागते तो बारीक टकटक आवाज मला देवळातल्या कुठल्याही घंटेपेक्षा बरा वाटतो. देवानं रागवू नये.

विणायला आईनं शिकवलं, अकोल्याला. मला आणि माझ्या मोठ्या बहिणीला, कुसुमताईला, एकाच सतरंजीवर बसवून. नवीन लोकर आमच्याकडे क्वचित यायची. जुनं स्वेटर उसवायचं, धुवायचं, वाळवायचं, आणि त्याच लोकरीचं दुसरं विणायचं. उसवलेली लोकर शेवयांसारखी वेडीवाकडी असते. तिच्या ढिगाकडे पाहून ती किती आहे ते काही कळत नाही. म्हणून आईचा कायदा होता, मोजल्याशिवाय जुनी लोकर सुईवर घ्यायची नाही. बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत एक हात. दोन बाह्या असतील तर दोन गोळे, हात मोजून अगदी सारखे. एका बाहीला जास्त आणि एकीला कमी झाली की आई म्हणायची, "मंग काय एक हात उघडा घेऊन फिरंन तो माणूस?"

आणखी एक सवय होती तिला. कोणाचंही विणकाम दिसलं की ती दोन बोटांत धरून ताणून पाहायची. कुसुमताई लग्नानंतर पहिल्या दिवाळीला माहेरी आली तेव्हा तिच्या पिशवीत अर्धा झालेला मफलर होता. आईनं तो ताणला. ताणलाच जाईना, इतका आवळ. आईनं ताईकडे पाहिलं आणि विचारलं, "सासरी बोलतात काय वं तुले?" ताई ढसाढसा रडली. मी तेव्हा लहान होते, मला वाटलं आईला काही मंत्रबिंत्र येतो.

तर दोन वर्षांपूर्वी यांच्या मानेला गाठ आली.

लिंबाएवढी. दाढी करताना हाताला लागली. दुखत नव्हती, आणि तेच वाईट असतं असं मला कुठूनसं माहीत होतं. डॉक्टरांनी बारीक सुई घालून तपासायला घेतली आणि रिपोर्टला दहा-बारा दिवस लागतील म्हणाले. हे निवांत. आयुष्यभर यांनी जमिनी मोजल्या, भूमापक होते. लोक बांधावरून कुऱ्हाडी काढत असताना टेप धरून उभा राहिलेला माणूस, त्याला एका गाठीचं काय? "जे असंन ते निघंन," म्हणाले आणि पेपर वाचत बसले.

माझी मात्र पाचावर धारण बसली. पण माझा स्वभाव असा वाईट की मला भीती वाटली की मी भांडते. रडणं जमत नाही. त्या बारा दिवसांत मी यांच्याशी चहाच्या गाळण्यावरून भांडले, ओल्या टॉवेलवरून भांडले, नळ टपकतो त्यावरून भांडले. एकदा तर तुम्ही फार हळू जेवता म्हणून भांडले. हे बिचारे म्हणायचे, "काहून चिडून राहिली वो?" मी म्हणायची, "मी कोठी चिडली?" आणि सुया हातात घ्यायची. यांचंच जुनं करडं स्वेटर उसवून नवं करत होते. पाठ झाली होती, पोट झालं होतं. बाह्यांसाठी दोन गोळे मोजून केले होते, एकेक तीनशे ऐंशी हातांचा. त्या बारा दिवसांत मी डावी बाही विणली. टाके बरोबर, ओळी बरोबर, लोकर बरोबर पुरली. शेवटी चार बोटं शेपटी उरली. मी बाही घडी करून पिशवीच्या तळाशी टाकली.

तेराव्या दिवशी रिपोर्ट आला. काही नव्हतं. साधी गाठ, नुसती लक्ष ठेवायची. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी बसूनच गेले. हे म्हणाले, "उठ, लोकं पाहून राह्यले." मी म्हटलं, पाहू द्या. येताना अर्धा किलो जिलबी घेतली. गाळणं तेच होतं, नळ तसाच टपकत होता, आणि मला दोन्ही फार आवडायला लागले.

दुसऱ्या दिवशीपासून मी उजवी बाही घेतली. अंगणात, उन्हात. वकील पायाशी, आंबी मांडीवर किंवा मांडीवर जागा नसेल तर लोकरीवर.

आंबी म्हणजे आमची मांजर. पूर्ण नाव आंबिया. मोर्शीला यांच्या मित्राची संत्र्याची बाग आहे. तिथे आंबिया बहाराची तोडणी चालू असताना ही एका खोक्यात निघाली, रंग असा की संत्र्यांत दिसेचना. ते खोकं आमच्या घरी आलं, मी वरची संत्री काढली, आणि खालून दोन डोळे माझ्याकडे पाहत होते. वकिलानं पहिल्या दिवशी तिच्याविरुद्ध बरंच भाषण केलं. तिनं त्याच्या नाकावर एक दिली. तेव्हापासून तो तिच्या शब्दाबाहेर नाही. दोन वर्षांपूर्वी ती नऊ वर्षांची होती, म्हणजे मांजरांत चांगली पिकलेली बाई.

त्या उजव्या बाहीच्या दिवसांतली एक दुपार. कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून मी सुया खुर्चीवर ठेवून आत गेले. परत येते तर गोळा पार उलगडून अंगणभर, आणि आतलं टोक आंबीच्या तोंडात. मी ओरडले. तिनं तोंड उघडलं, टोक बाहेर पडलं. हातभर लोकर चघळून चघळून ओलीचिंब केलेली. मी तेवढी कापली, खिडकीत टाकली, बाकीची गुंडाळली आणि तिला चार शब्द सुनावले. विषय संपला असं मला वाटलं.

तीन दिवसांनी गोळा संपला. आणि बाहीच्या चौदा ओळी बाकी होत्या.

मी पुन्हा ओळी मोजल्या. चौदाच. एका ओळीला अडीच हात तरी लोकर लागते. म्हणजे पस्तीस हात कमी. माझं मोजणं चुकणार नाही, आईचा कायदा आहे. पहिल्या बाहीला तेवढाच गोळा पुरून उरला होता. मग ही पस्तीस हात लोकर गेली कुठे? मी आंबीकडे पाहिलं. ती सकाळपासून जेवली नव्हती. तुळशीच्या कुंडीमागे पाठ वाकवून बसली होती, आणि माझ्या देखत ती दोनदा ओकली. नुसतं पाणी.

सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणतात. मी लोकरीवरून सरळ नरक गाठला.

आमच्या भागातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी तिचं पोट दाबून पाहिलं, आणि माझी हकीकत ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "काकू, दगड गिळला तर एक वेळ परवडतो, दोरा नाही. सलवारीची नाडी ओढल्यावर कापडाला चुण्या पडतात ना, तसं आतडं गोळा होतं. पस्तीस हात नसेलच, पण त्यातली चार हात जरी आत असेल ना..." सोनोग्राफी आणि गरज पडली तर ऑपरेशन, दोन्ही अकोल्याला मोठ्या दवाखान्यात होईल म्हणाले. तीच लोकर सोबत न्या, म्हणजे जाडी कळेल. मी विणकामाची अख्खी पिशवी उचलली. खिडकीतली ती वाळलेली हातभर शेपटीसुद्धा प्लॅस्टिकमध्ये बांधून घेतली, पुरावा म्हणून. आणि वाटेत खायला म्हणून यांनी चार संत्री टाकली. यांना कुठेही न्या, वाटेत खायला हवंच.

शेजारच्या रफिकभाईंची शाळेची व्हॅन आहे. शाळेला नाताळची सुट्टी होती. "भाभी, बैठो तुम," एवढंच म्हणाले. आंबीला हॉर्नची फार भीती. त्या माणसानं बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव करत अकोल्यापर्यंत एकदाही हॉर्न वाजवला नाही. आपल्याकडच्या रस्त्यावर हॉर्नशिवाय गाडी चालवणं काय असतं ते चालवणाऱ्यालाच माहीत. समोर म्हशी आल्या की ते खिडकीतून हात बाहेर काढून हळू आवाजात म्हणायचे, "चलो बाई, बाजू हो जाओ, मरीज है." मी मागे टोपली मांडीवर धरून बसले होते. टोपलीतून आवाज येत नव्हता. निघताना वकील फाटकाशी उभा होता, भुंकला नाही. तो न भुंकलेला मी पहिल्यांदा पाहिला आणि मला ते फार लागलं.

सगळ्या वाटेत माझ्या मनात एकच चाललं होतं. माणूस वाचला आणि मी मांजर मारली. जिलबी खात, ऊन खात, गोळा उघडा टाकून गेले. सुख झालं की मी बेसावध होते, हे माझंच पाप.

कुसुमताई अकोल्यालाच राहते. ती आमच्या आधी दवाखान्यात येऊन बसली होती, डोक्याला स्कार्फ, हातात थर्मास. डॉक्टर एक तरुण मुलगी होती, आवाज मऊ, हात पक्के. तिनं सोनोग्राफी केली आणि बाहेर आली.

"काकू, आतड्याच्या तोंडाशी काहीतरी आहे, पण ते काय आहे हे चित्रावरून नक्की सांगता येत नाही. लोकर दिसेलच असं नसतं. एरवी मी सलाईन लावून वाट पाहिली असती. पण तुम्ही म्हणताय एवढी लोकर कमी भरली, तर थांबणं धोक्याचं. पोट उघडावं लागेल."

"वय नऊ आहे तिचं," मी म्हटलं.

"हो. आणि अशक्त आहे. भूल सोसेल का, ते मी खात्रीनं नाही सांगू शकत."

म्हणजे आंबीचं पोट फाडायचं की नाही हे माझ्या हिशेबावर ठरणार होतं. मी कागदावर सही करायला पेन घेतलं. तेवढ्यात ताईनं, काहीतरी चाळा हवा म्हणून असेल, माझ्या पिशवीतून त्या दोन बाह्या काढल्या आणि मांडीवर ठेवल्या. आईची लेक ती. तिनं पहिली दोन बोटांत धरून ताणली. मग दुसरी ताणली. मग दोन्ही एकावर एक ठेवल्या.

"शोभे," ती म्हणाली, "ह्या दोन बाह्या एका बाईच्या हातच्या नाहीत."

"माह्याच हातच्या आहेत. तू काय घेऊन बसली, ताई?"

"पाय तर खरं. अवो, पाय तर!"

मी पाहिलं. उजवी बाही चौदा ओळींनी अपुरी, तरी डावीपेक्षा लांब होती. रुंदीला तर दोन बोटं जास्त. टाके तेवढेच, पण टाका न् टाका ऐसपैस, डोळे उघडल्यासारखा. डावी मात्र अशी आवळ की टेबलावर उभी केली असती तर उभी राहिली असती.

ताईनं विचारलं, "ही डावी कधी विणली तू?"

मी सांगितलं. हे शेजारीच बसले होते. संत्रं सोलता सोलता यांचा हात थांबला.

"आन् ही उजवी?"

"रिपोर्ट आल्यावर."

ताईनं दोन्ही बाह्या माझ्या पुढ्यात ठेवल्या. आम्ही दोघी एकाच सतरंजीवर शिकलो होतो. सैल टाक्याला लोकर जास्त लागते, हे सुई हातात धरलेल्या पोरीलाही कळतं. ते मला नऊ दिवस कळलं नव्हतं. मी लोकर मोजली, टाके मोजले, ओळी मोजल्या. हात सैल पडेल हे हिशेबातच धरलं नव्हतं.

पण कळणं वेगळं आणि आंबीचं पोट वेगळं. वाटतं त्यावर सोडता येत नव्हतं. मी डॉक्टरला म्हटलं, "बाई, मला अर्धा तास द्या. मी मोजून दाखवते." आणि उजव्या बाहीचं टोक धरून ओढलं. नऊ दिवसांचं काम सरसर उसवत गेलं. ताई लोकर ताणून धरत होती, मी हात मोजत होते, आणि यांनी, जन्मभर जमीन मोजलेल्या माणसानं, दर दहा हातांना संत्र्याची एक बी बाकावर ठेवायला सुरुवात केली. एका रांगेत, सारख्या अंतरावर. पलीकडे एक शेतकरी शेळी घेऊन बसला होता. न राहवून त्यानं विचारलं, "काय चालू आहे, भाऊ?"

"मांजरीच्या पोटातली लोकर मोजून राह्यलो," हे म्हणाले.

त्यानं शेळी जरा जवळ ओढून घेतली.

सदतीस बिया झाल्या. वर नऊ हात. तीनशे एकोणऐंशी. एक हात कमी. मग ताईनं प्लॅस्टिकची पिशवी पुढे केली. चघळलेली ती शेपटी मी कोपरापर्यंत धरली. बरोबर एक हात.

"तीनशे ऐंशी," हे म्हणाले, आणि बाकीच्यांपासून जरा दूर आणखी एक बी ठेवली. "डॉक्टरबाई, जमीन बरोबर भरली. एक गुंठाई बाहेर नाही."

डॉक्टर बियांच्या रांगेकडे पाहून हसली. नंतर गंभीर होऊन म्हणाली, "ठीक आहे. मग सलाईन लावू आणि थांबू. संध्याकाळी पुन्हा बघू." पेन मी तसंच परत दिलं.

थांबणं काही सोपं नव्हतं. मोजणी बरोबर आली म्हणून मांजर बरी झाली असं नसतं. हात रिकामे ठेवले असते तर मी त्या शेळीवाल्याशी भांडले असते. म्हणून तिथेच बाकावर बसून उजवी बाही नव्यानं घातली. मनगटाची पट्टी झाली, वर दहा ओळी झाल्या, वीस झाल्या. आवळ, दगडासारखी. मलाच ती दिसत होती आणि मला हात सोडता येत नव्हता. हे बाजूला बसून होते. मध्येच हळूच म्हणाले, "तू त्या बारा दिवसांत मले सांगतलं काहून नाही?"

"काय सांगू?"

"भेव वाटते म्हणून."

"तुम्हाले वाटत नव्हतं, मग मी कशी सांगू?"

"तुले कोणं सांगतलं मले वाटत नव्हतं म्हणून?" हे म्हणाले. "पेपर उलटा धरला असंन मी, तू पाह्यला नाही."

मी विणत राहिले. एवढी वर्षं एका घरात काढून, दोघंही आपली भीती एकमेकांना दिसू नये म्हणून धडपडत होतो, एक भांडून आणि एक पेपर वाचून. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं.

चारच्या सुमाराला आतून डॉक्टरनं हाक मारली. आंबीनं ओकून एक गोळा बाहेर टाकला होता. तिच्याच केसांचा, बोटाएवढा, लांबट. चाटून चाटून पोटात गेलेले नारिंगी केस. थंडीत ती वकिलालाही चाटते, म्हणून मधूनमधून काळेसुद्धा. लोकरीचा एक धागा त्यात नव्हता. पुन्हा पाहिलं तर चित्र स्वच्छ. तासाभरानं तिनं वाटीभर पेज चाटली, आणि माझ्याकडे असं पाहिलं की या घाणेरड्या वासाच्या जागी मला कोणी आणलं. जीव भांड्यात पडतो म्हणतात, तो पडताना आवाज होतो, मी ऐकला आहे.

ताईकडे मुक्काम केला, सोलेभात खाल्ला, सकाळी निघालो. रफिकभाईंनी येतानाही हॉर्न वाजवला नाही. "अब आदत हो गयी, भाभी," म्हणाले. फाटकाशी वकील होता. टोपली उघडल्यावर त्यानं आंबीला नाकापासून शेपटीपर्यंत हुंगलं, आणि मग दहा मिनिटं गल्लीतल्या प्रत्येकावर भुंकून घेतलं. आदल्या दिवसाची सगळी थकबाकी.

उजवी बाही नंतर अंगणात पुरी केली. यांच्या अंगातल्या त्या स्वेटरवर अजूनही बोट फिरवून दाखवता येतं. मनगटापासून चार बोटं आवळ, आणि मग एका ओळीपासून टाका सुटतो. तिथे चार वाजले होते. पुढे लोकर कमी पडली, खांद्याशी निळी जोडली. डावी उसवून सारखी करून देते असं मी यांना दोनदा म्हटलं. हे म्हणाले, "राहू दे. दिसत तर नाही कोणाले. फक्त मले चावते." 

यांची गाठ दर थंडीला एकदा तपासायची असते. मागच्या वर्षी सुरळीत झालं. यंदा गाठ आधीपेक्षा वाटाण्याएवढी वाढल्यासारखी वाटली म्हणून डॉक्टरांनी शुक्रवारी पुन्हा सुई घातली. रिपोर्ट सोमवारी. मी काहीही बोलले नाही. भांडलेही नाही, फार शहाण्यासारखी वागले. अंगणात बसून वकिलासाठी झूल विणत होते, पाठीवरून पोटाखाली बांधता येईल अशी, त्याच्या दुखऱ्या कंबरेसाठी. आंबी नेहमीसारखी लोकरीवर. हे आले, स्टूल ओढून समोर बसले. माझ्या मांडीवरची झूल उचलली आणि दोन बोटांत धरून ताणली. यांना विणकामातलं ओ की ठो कळत नाही. पण ताणून पाहिली, आईसारखी.

ताणली गेली नाही.

आंबीला हळूच बाजूला सारलं, आणि दोन्ही हात पुढे केले, लडी धरायला धरतात तसे, तळवे समोरासमोर.

"उसव," म्हणाले. "मी धरतो. मलेई भेव वाटून राह्यलं."

मी उसवली. यांच्या हातांवर लोकर गुंडाळत गेले, एका हातावरून दुसऱ्या हातावर, आणि रडायला आलं तर रडले. वकील उठून आमच्या मध्ये येऊन बसला.

सोमवारी रिपोर्ट आला. काही नाही. वाढली आहे, पण साधीच आहे. पायऱ्यांवर या वेळी आम्ही दोघंही बसलो, जिलबी यांनी आणली.

आज सकाळपासून झूल नव्यानं घेतली आहे. अर्ध्याला आले आहे आणि गोळा आत्ताच लहानसा दिसतोय. मोजून घेतला होता, आईच्या कायद्यानं. यंदा लोकर पुरणार नाही असं दिसतंय.